दोष कुणाचा – नेमबाजाचा की बंदुकीचा?

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पुण्यातील एका शाळेत नववीत शिकणारी मुलगी रोज संध्याकाळी १० मीटर एअर रायफलचा सराव करते. दहा छर्ऱ्यांत ९६ गुण हा तिचा नेहमीचा हिशेब. पण गेल्या आठवड्यापासून काहीतरी बिनसले आहे. एकदा ८९, एकदा ९०, काल तर ८८! शालेय स्पर्धा आठ दिवसांवर आली आहे. आई म्हणते, "परीक्षेचं दडपण आलं असेल गं." मैत्रीण म्हणते, "रायफलच बदलून टाक." थोरला दादा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन तयारच बसला आहे, "आण इकडे, खोलून बघतो!" आणि ती स्वतः? तिला वाटू लागले आहे, की आपल्या हातातले कसबच गेले.

ही मुलगी कल्पनेतली आहे, पण तिची अडचण मात्र प्रत्येक नेमबाजाला कधी ना कधी आलेली असते. तिच्यापुढचा प्रश्न साधा दिसतो : दोष कुणाचा, माझा की बंदुकीचा? पण उत्तर चुकले तर नुकसान मोठे होते. दोष बंदुकीचा असताना तिने स्वतःला दोषी धरले, तर ती आपली चांगली बसलेली उभे राहण्याची ढब, श्वासाची लय, चाप दाबण्याची सवय, सारेच बदलू पाहील आणि असलेलेही गमावून बसेल. उलट दोष तिचा असताना बंदूक खोलली, तर एक धडधाकट यंत्र बिघडेल. मग खरे उत्तर शोधायचे कसे? आज आपण तेच पाहणार आहोत. तुम्ही कधी रायफल हातात धरणार नसाल, तरी ही शोधाची रीत तुम्हाला प्रयोगशाळेत, सायकलच्या दुरुस्तीत, फार काय गणिताचे उत्तर चुकले तरी उपयोगी पडेल.

पाव मिलिमीटरचा खेळ

आधी या खेळातील मापे किती बारीक आहेत ते समजून घेऊ. १० मीटर एअर रायफलचे लक्ष्य म्हणजे केवळ ४५.५ मि.मी. व्यासाची वर्तुळे. त्यांच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका असतो. त्याचा व्यास किती असेल? फक्त अर्धा मिलिमीटर! छर्रा स्वतः ४.५ मि.मी. व्यासाचा असतो, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. छर्ऱ्याची कड ठिपक्याला नुसती लागली तरी दहा गुण मिळतात. लगतच्या दोन वर्तुळांतील अंतर २.५ मि.मी. असते.

मोठ्या स्पर्धांत गुण दशांशात मोजतात. सर्वांत उत्तम नेमाला १०.९ गुण. तो मिळवायचा तर छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून पाव मिलिमीटरपेक्षा जास्त दूर जाऊन चालत नाही. असे ६० नेम, ७५ मिनिटांत, उभे राहून साधायचे.

आता यंत्राकडे पाहा. रायफलीला दोन साइट असतात. एक नळीच्या टोकाशी, दुसरी डोळ्याजवळ. या दोन्हींमधील अंतर ८० सें.मी. आहे असे धरू. मागच्या साइटचा स्क्रू सैल होऊन ती केवळ ०.१ मि.मी. सरकली, तर लक्ष्यावर काय होईल? समरूप त्रिकोण आठवा. १० मीटर म्हणजे १०,००० मि.मी. आणि ८० सें.मी. म्हणजे ८०० मि.मी. यांचे गुणोत्तर १२.५. म्हणून छर्रा ०.१ × १२.५ = १.२५ मि.मी. सरकेल, म्हणजे अर्ध्या वर्तुळाने. एक दशांश मिलिमीटर म्हणजे साधारण कागदाच्या एका पानाची जाडी! इतक्या नाजूक खेळात माणूस आणि यंत्र दोघेही संशयाच्या फेऱ्यात येतात, यात नवल ते काय?

तिसरा संशयित

पण संशयित दोनच आहेत का? नाही. तिसराही आहे आणि तो बहुधा ध्यानातच येत नाही. तो म्हणजे भोवतालची परिस्थिती. आपल्या देशातील एका मोठ्या नेमबाजाला हा धडा फार महागात पडला.

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अभिनव बिंद्रा यांनी १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत उत्तम कामगिरी केली. पण अंतिम फेरीत ते सातव्या स्थानावर घसरले. कारण काही कळेना. नंतर उलगडा झाला, की ते ज्या जागी उभे होते तेथील फरशी सैल होती आणि ती थरथरत होती. नेमबाजात दोष नव्हता, रायफलीतही नव्हता. दोष पायाखाली होता!

चार वर्षांनी, ११ ऑगस्ट २००८ रोजी, बीजिंगमध्ये वेगळीच परीक्षा समोर आली. अंतिम फेरीपूर्वी चाचणीचे नेम घेता येतात. ते गुणांत धरले जात नाहीत. बिंद्रा यांचा पहिलाच चाचणी-नेम चारच्या वर्तुळात गेला. म्हणजे मध्यापासून दीड सेंटिमीटरहूनही दूर. त्यांच्या तोडीच्या नेमबाजाच्या हातून असा नेम जाणे जवळजवळ अशक्य. साइट कुणीतरी हलवली असावी असा संशय त्यांनी पुढे बोलून दाखवला. पण त्या घटकेला त्यांनी 'कुणी हलवली' हा प्रश्न बाजूला ठेवला. छर्रा कुठे लागला ते पाहिले, साइट तितकी फिरवली आणि पुन्हा नेम घेतला. स्पर्धा सुरू झाल्यावर त्यांचा पहिला नेम १०.७ गुणांचा होता आणि शेवटचा १०.८ गुणांचा. एकूण ७००.५ गुण मिळवून त्यांनी भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले.

या दोन प्रसंगांतून काय शिकायचे? दोष शोधताना आधीच कुणाला गुन्हेगार ठरवून मोकळे व्हायचे नाही. आधी पुरावा पाहायचा. नेमबाजीत हा पुरावा लक्ष्यावरच उमटलेला असतो.

छिद्रे बोलतात

एका नेमावरून काहीही सिद्ध होत नाही. दहा नेम घ्या आणि त्या दहा छिद्रांचा पुंजका कसा दिसतो ते पाहा. रेंजवर याला सरळ 'ग्रुप' असेच म्हणतात. अनुभवी प्रशिक्षक या पुंजक्याकडे पाहून पुष्कळ काही सांगतात.

पुंजका घट्ट आहे, पण मध्यापासून दूर आहे : साइटची मांडणी चुकली आहे. नेमबाजाचे आणि नळीचे काम उत्तम चालले आहे.

छिद्रे उभ्या रेषेत, वरखाली पसरली आहेत : एक तर छर्ऱ्याचा वेग कमीजास्त होतो आहे, नाही तर नेमबाजाचा श्वास नेहमीच्या जागी थांबत नाही.

छिद्रे आडव्या रेषेत पसरली आहेत : चाप सरळ मागे न जाता बाजूला ओढला जातो आहे, किंवा उभे राहण्याच्या स्थितीत गडबड आहे.

दोन वेगवेगळे पुंजके दिसतात : कुठला तरी भाग सैल आहे आणि तो दोन जागांत आलटून पालटून बसतो आहे.

पुंजका चोहोबाजूंनी ढिला, विसकटलेला आहे : छर्रे खराब असतील, नळी मळली असेल किंवा नेमबाज थकला असेल.

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील चुकांचे दोन प्रकार येथे प्रत्यक्ष दिसतात. सर्व छिद्रे एकाच दिशेने सारखी सरकतात ती पद्धतशीर चूक. ती एकदा मोजली की दुरुस्त करता येते. छिद्रे वाटेल तशी पसरतात ती यादृच्छिक चूक. ती साइट फिरवून कधीच जात नाही. उलट प्रत्येक नेमानंतर साइट फिरवत बसलात, तर पसारा आणखी वाढतो. शिक्षकांनी फळ्यावर हे दोन पुंजके काढून दाखवले, तर हा भेद विद्यार्थी सहसा विसरणार नाहीत.

आपल्या मुलीच्या कागदावर काय दिसले? तिची छिद्रे उभ्या रेषेत पसरली होती. म्हणजे दोन शक्यता उरल्या : वेग किंवा श्वास. आता या दोघांना वेगळे काढायचे.

अदलाबदलीचा प्रयोग

यासाठी एक सोपी युक्ती आहे. तिची रायफल दुसऱ्या चांगल्या नेमबाजाला द्यायची आणि त्याची रायफल तिने घ्यायची. छर्रे एकाच डबीतले, जागा तीच, वेळ तीच. पसारा रायफलीबरोबर गेला, तर दोष रायफलीत. पसारा मुलीबरोबर राहिला, तर दोष तिच्यात. दोघांचेही नेम बिघडले तर? तर छर्रे किंवा जागा तपासा, अथेन्सची फरशी आठवा!

याहून पक्की परीक्षा म्हणजे माणूसच वगळणे. रायफल एका भक्कम पकडीत घट्ट बसवतात आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दहा छर्रे सोडतात. पकडीला श्वास नाही, हृदयाचे ठोके नाहीत, परीक्षेची धास्तीही नाही. चांगली रायफल आणि चांगले छर्रे असले, तर दहा छर्ऱ्यांचे मिळून एकच गोल भोक पडते. नेमबाज आपल्या नळीला कोणते छर्रे मानवतात, हेही याच रीतीने ठरवतात.

५० मीटर रायफलच्या स्पर्धेत छर्ऱ्याऐवजी .२२ ची काडतुसे वापरतात. एन.सी.सी.त असणाऱ्या वाचकांनी ती पाहिली असतील. तेथेही वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसे आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि ज्या घाण्याचा पुंजका सर्वांत घट्ट येईल तीच स्पर्धेसाठी राखून ठेवतात. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत पुण्याला तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करत आणि बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात सराव करत. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. गुडघा टेकून, पोटावर झोपून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत रायफल तीच असते. प्रत्येक स्थितीत ती शरीराशी वेगळी जुळवावी लागते. कोणता स्क्रू कुठे असावा याची नोंद चुकली, तर नेमही चुकला!

बंदुकीच्या पोटात

अदलाबदलीच्या प्रयोगात आपल्या मुलीचा पसारा रायफलीबरोबर गेला. म्हणजे तिचे कसब शाबूत होते! आता रायफलीत नेमके काय बिघडले, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी ती चालते कशी हे कळले पाहिजे.

हल्लीच्या स्पर्धेच्या एअर रायफलीत नळीखाली एक लांबट सिलिंडर असतो. त्यात सुमारे २०० बार दाबाची हवा भरलेली असते. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोन-अडीच बार असतो, त्याच्या ऐंशी ते शंभरपट! ही हवा सरळ छर्ऱ्यावर सोडली तर चालणार नाही. कारण प्रत्येक नेमाबरोबर सिलिंडरमधील दाब थोडा थोडा उतरत जातो आणि छर्ऱ्याचा वेगही उतरत जाईल. म्हणून मध्ये एक रेग्युलेटर बसवतात. घरातील गॅसच्या सिलिंडरवर असतो त्याच तत्त्वाचा. तो आत कितीही दाब असला तरी पलीकडच्या लहान कोठीत ठरावीक, बऱ्याच कमी दाबाची हवा भरतो. चाप दाबला की एक लहान हातोडी झडपेवर आदळते, झडप क्षणभर उघडते आणि कोठीतील हवा छर्ऱ्याला ढकलते. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड असा शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने बाहेर पडतो.

आता वेगाचा आणि उभ्या पसाऱ्याचा संबंध पाहू. हवेचा विरोध सोडून देऊ. १७० मीटर वेगाने १० मीटर अंतर कापण्यास १० ÷ १७० = ०.०५८८ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात छर्रा गुरुत्वाकर्षणामुळे किती खाली येईल? सूत्र तुम्हाला ठाऊक आहे, ½gt². उत्तर येते सुमारे १७ मि.मी. साइटची मांडणी ही घट धरूनच केलेली असते. आता एखाद्या वेळी वेग १८० मीटर झाला असे समजा. वेळ लागेल ०.०५५६ सेकंद आणि घट होईल सुमारे १५.१ मि.मी. म्हणजे छर्रा १.९ मि.मी. वर लागेल. एक वर्तुळ २.५ मि.मी.चे, तेव्हा पाऊण वर्तुळाचा फरक पडला. नेमबाजाने काहीही चूक न करता!

म्हणून रेंजवर छर्ऱ्याचा वेग मोजणारे क्रोनोग्राफ नावाचे उपकरण वापरतात. त्यात ठरावीक अंतरावर दोन प्रकाशझोत असतात. छर्रा पहिला झोत तोडतो तेव्हा घड्याळ सुरू होते, दुसरा तोडतो तेव्हा थांबते. अंतर भागिले वेळ, झाला वेग.

स्वस्त ते आधी

दोष शोधण्याचा एक व्यवहारी नियम आहे. जे तपासायला सोपे आणि फुकट, ते आधी तपासावे. सायकल जड चालू लागली तर आपण आधी चाकातली हवा पाहतो, बेअरिंग खोलत नाही. रायफलीच्या बाबतीत क्रम असा लागतो :

पहिले, स्क्रू. साइटचे, दस्त्याचे, नळी धरून ठेवणारे. थरथर आणि ऊन-थंडी यांमुळे ते हळूहळू सैल होतात.

दुसरे, छर्रे. शिसे मऊ असते. छर्ऱ्याच्या मागच्या बाजूस घेरदार झग्यासारखी पातळ कड असते. ती हवेच्या दाबाने नळीच्या आतील आट्यांना घट्ट बसते. डबी खाली पडली की ही कड चेपते आणि हवा कडेने निसटते. जमिनीवर पडलेला छर्रा म्हणूनच पुन्हा वापरत नाहीत.

तिसरे, सिलिंडरमधील दाब. त्याच्या तोंडाशी लहानसा दाबमापक असतो. येथे पुण्याची हवाही लक्षात घ्यावी लागते. बंदिस्त वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हा नियम तुम्हाला पुढे शिकायचा आहे. एप्रिलमध्ये बंद मोटारीत रायफल ठेवली आणि आतले तापमान २७ अंशांवरून ६० अंशांवर गेले, तर २०० बारचा दाब २०० × ३३३ ÷ ३०० = २२२ बार होईल. म्हणून सिलिंडर उन्हात ठेवू नये. जानेवारीच्या थंड पहाटे दाब उतरलेला दिसला, तर लगेच गळतीचा संशय घेऊ नये. पावसाळ्यात आणखी एक पथ्य. भरायची हवा कोरडी हवी. दमट हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते आतल्या नाजूक भागांना गंज चढवते.

चौथे, नळी. प्रत्येक छर्रा शिशाचा थोडासा अंश मागे ठेवून जातो. नमद्याचे लहान बोळे नळीतून पाठवून ती साफ करतात. पण सतत घासत राहणेही बरे नाही. साफ केल्यावर पहिले काही छर्रे थोडे वेगळे लागतात, म्हणून ऐन स्पर्धेच्या सकाळी नळी साफ करण्याचा उत्साह टाळावा.

पाचवे, आणि सर्वांत शेवटी, रायफलीच्या आतील भाग : झडप, रेग्युलेटर, रबरी ओ-रिंग. हे काम आर्मररचे, म्हणजे शस्त्रांच्या तज्ज्ञ कारागिराचे.

या सर्वांत एक नियम मोडायचा नाही. एका वेळी एकच बदल! समजा, तुम्ही छर्रे बदलले, स्क्रू आवळले, नळीही साफ केली आणि नेम सुधारला. कशामुळे सुधारला? ते कळणार नाही, आणि महिन्याने तोच बिघाड पुन्हा झाला, तर पुन्हा सगळे पहिल्यापासून. एक बदल, दहा नेम, वहीत नोंद. मगच पुढचा बदल.

वहीने दिलेली साक्ष

आपल्या मुलीने हा क्रम पाळला. स्क्रू घट्ट होते. नवी डबी उघडली, तरी पसारा तोच. दाबमापक ठीक. नळी साफ केली, तरी फरक नाही. पण तिने वहीत प्रत्येक नेमाची वेळही लिहिली होती. ती चाळताना प्रशिक्षकांची नजर एका गोष्टीवर थबकली. वर लागलेले छर्रे वाटेल तेव्हा लागलेले नव्हते. ती विश्रांतीसाठी रायफल खाली ठेवून पाच मिनिटांनी पुन्हा उचले, तेव्हाचा पहिला छर्रा दर वेळी वर जात होता!

आता क्रोनोग्राफ लावला. सलग नेमांत वेग १७०, १७१, १७०. पाच मिनिटे थांबून पुढचा नेम : १८०. कोडे सुटले. रेग्युलेटरची आतली बैठक झिजली होती. रायफल नुसती पडून असतानाही जास्त दाबाची हवा कणाकणाने लहान कोठीत झिरपत होती. जितका वेळ थांबावे तितका कोठीतील दाब जास्त आणि पहिला छर्रा तितका वेगवान. बाहेर हवा गळत असती, तर सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून पंक्चर शोधतात तसे बुडबुडे तरी दिसले असते. ही गळती आतल्या आत होती, म्हणून डोळ्यांना दिसली नाही. वहीला मात्र दिसली. आर्मररने तो लहानसा भाग बदलला आणि पुंजका पुन्हा घट्ट झाला.

दादाने पहिल्याच दिवशी रायफल खोलली असती तर? २०० बार दाबाची हवा असलेले यंत्र माहितीशिवाय खोलणे म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय दोष खरोखर कशात होता, हे कधीच कळले नसते.

ऐन स्पर्धेत बिघाड झाला तर?

वही आणि क्रोनोग्राफ सरावाच्या दिवशी ठीक. पण घड्याळ चालू असताना काय? टोकियो ऑलिम्पिक एक वर्ष उशिराने झाले. त्यात २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकर हिला हाच प्रश्न पडला. १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलाच्या इलेक्ट्रॉनिक चापाच्या यंत्रणेत बिघाड झाला. अशा पिस्तुलात बोट एक बारीक विद्युत्-कळ दाबते आणि पुढचे काम विजेचा प्रवाह करतो. चाप अत्यंत एकसारखा चालतो, पण एखादी तार दगा देऊ शकते. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि उरलेले नेम घाईने घ्यावे लागले. तरीही तिने ६०० पैकी ५७५ गुण मिळवले. ती बारावी आली. अंतिम फेरी केवळ दोन गुणांनी हुकली.

तीन वर्षांनी, २८ जुलै २०२४ रोजी, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने याच प्रकारात कांस्यपदक जिंकले. नेमबाजीत ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. टोकियोतील त्या दिवसावरून तिने 'माझ्यात काही कमी आहे' असा निष्कर्ष काढून खेळ सोडला असता, तर? यंत्राचा दोष यंत्राच्या खात्यावर आणि आपला दोष आपल्या खात्यावर मांडता येणे किती महत्त्वाचे असते, हे यावरून समजते.

लक्षात ठेवण्याच्या चार गोष्टी

एअर रायफल हे खेळणे नव्हे. छर्रा डोळा फोडू शकतो. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेनेच असावी, ती रिकामी आहे अशी खात्री असली तरीही. बिघाड झाला तर नळी लक्ष्याकडेच ठेवून हात वर करावा आणि प्रशिक्षकांना बोलवावे. शिसे विषारी असते, म्हणून सराव झाल्यावर खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. आणि रायफल स्वतः कधीही खोलू नये.

घरी करण्याजोगा प्रयोग

हा सारा शोध तुम्हाला बंदुकीशिवायही अनुभवता येईल. एक लांब, मधोमध खाच असलेली पट्टी टेबलावर तिरकी टेकवा. तिच्यावरून काचेची गोटी सोडा. गोटी टेबलाच्या कडेवरून खाली पडेल तेथे पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवा. गोटी पट्टीवरील एकाच खुणेपासून दहा वेळा सोडा. कागदावर दहा ठिपक्यांचा पुंजका मिळेल. आता खूण एक सेंटिमीटर वर सरकवून पुन्हा दहा वेळा सोडा. सगळा पुंजका पुढे सरकलेला दिसेल. नंतर पट्टीखाली घडी घातलेला मऊ रुमाल ठेवा. पट्टी हलू लागेल आणि पुंजका विसकटेल.

हे जमले की खरा खेळ सुरू करा. तुम्ही खोलीबाहेर जा आणि मित्राला रचनेत गुपचूप एकच बदल करायला सांगा. त्याने दहा वेळा गोटी सोडावी. तुम्ही आत येऊन फक्त कागद पाहायचा आणि काय बदलले ते ओळखायचे. पुढच्या डावात त्याला दोन बदल एकदम करू द्या. मग तुमच्या लक्षात येईल, की एका वेळी एकच बदल करण्याचा नियम आपल्या मुलीला इतका कसोशीने का पाळावा लागला.